ड्रेस्डेनचे फ्राउएनकिर्श: पुन्हा बांधलेल्या चर्चला जुने म्हणायचे का?

प्रश्न असा आहे: जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरातले फ्राउएनकिर्श हे ल्यूथरपंथी चर्च 1945 च्या बॉम्बहल्ल्यानंतर कोसळले आणि 2005 साली पुन्हा उभे राहिले. मग त्याला अठराव्या शतकातली वास्तू म्हणायचे की हुबेहूब केलेली नक्कल? आणि पुढचा प्रश्न, तिथे हे चालले तर आपल्या पडक्या किल्ल्यांवर आणि वाड्यांवर का चालू नये?

माझे काम दगडी वास्तूंच्या जतनाचे आहे, त्यामुळे या चर्चकडे मी भाविक किंवा पर्यटक म्हणून कमी आणि बांधकामाचा माणूस म्हणून जास्त बघतो. मत आधी सांगून टाकतो. माझ्या दृष्टीने ते मूळ बांधणाऱ्या गेऑर्ग बेअरचेच चर्च आहे. त्यात जुने दगड किती टक्के, हा हिशेब मी दुय्यम मानतो. चुन्यात दगड बसवून उभ्या केलेल्या वास्तूत भार कुठून कुठे उतरतो, यात तिचा जीव असतो, आणि ड्रेस्डेनमध्ये तो परत आणला गेला आहे. त्याच चौकातल्या शेजारच्या कित्येक इमारतींना मात्र मी जुन्या म्हणणार नाही, त्यांचे दर्शनी भाग कितीही तंतोतंत असले तरी. हा फरक कशामुळे पडतो, हे समजण्यासाठी अठराव्या शतकात जावे लागते.

ड्रेस्डेन ज्याची राजधानी, ते सॅक्सनी राज्य म्हणजे ल्यूथरच्या धर्मसुधारणेचा घरचा मुलूख. ज्या विटेनबर्गमधून ती चळवळ पेटली ते त्या काळी याच राज्यातले. पण 1697 मध्ये इथल्या अधिपतीने, ज्याला लोक बलाढ्य ऑगस्ट म्हणत, पोलंडचा मुकुट मिळवण्यासाठी कॅथलिक पंथ स्वीकारला. राणी क्रिस्टियाने एबरहार्डिने मात्र आपला पंथ सोडायला तयार झाली नाही, आणि प्रजाही ल्यूथरपंथीच राहिली. राजा एका पंथाचा आणि राजधानी दुसऱ्या पंथाची, अशा त्या काळात नगरपालिकेने मोडकळीला आलेले एक मध्ययुगीन चर्च पाडून तिथे नवे बांधायचे ठरवले. ते जुने चर्च मेरीमातेच्या नावाचे होते. धर्मसुधारणेनंतर ते ल्यूथरपंथीयांकडे आले तरी नाव तेच राहिले, म्हणून आजच्या चर्चचे नावही तेच. हे लक्षात घेण्यासारखे आहे की हे चर्च राजाने बांधले नाही, नगराने बांधले. नगरपालिकेचा पैसा, नागरिकांच्या देणग्या आणि नगरपालिकेचाच मुख्य सुतार.

गेऑर्ग बेअर हा तो सुतार. 1666 साली जन्मलेला, दरबारी वास्तुकारांसारखे शिक्षण नसलेला, लाकडात वाढलेला कारागीर. 26 ऑगस्ट 1726 रोजी पायाभरणी झाली तेव्हा तो साठीला पोचला होता. त्याने जो आराखडा केला त्यात ल्यूथरपंथी उपासनेची गरज अगदी स्वच्छ दिसते. या पंथात प्रवचन ऐकणे आणि सगळ्यांनी मिळून गाणे याला फार महत्त्व. लांबलचक दालनाच्या टोकाला बसलेल्या माणसाला प्रवचनकाराचा आवाज पोचत नाही. म्हणून बेअरने लांब दालन सोडून दिले आणि जवळजवळ चौरस, कोपरे छाटलेला असा आराखडा घेतला. आत आठ खांबांचे वर्तुळ, खांबांच्या मागे एकावर एक सज्जे, चार कोपऱ्यांना जिन्यांचे चार मनोरे, आणि पूर्वेला थोड्या उंचीवर वेदी. वेदीच्या वर ऑर्गन, वेदीच्या पुढे सभागृहात डोकावणारे प्रवचनपीठ. कुठेही बसा, या तिन्ही गोष्टी एकाच रेषेत समोर येतात. 1736 मध्ये गॉटफ्रीड सिल्बरमानने बांधलेला ऑर्गन तिथे बसला आणि 1 डिसेंबर 1736 रोजी संगीतकार योहान सेबास्टियन बाखने त्यावर वादन केले.

आता घुमट. आधी बेत लाकडी सांगाड्याचा आणि वरून तांब्याच्या पत्र्याचा होता. बांधकाम चालू असतानाच तो बदलला आणि सगळा घुमट दगडाचा करायचे ठरले. हे धाडस किती मोठे, याचा अंदाज यावा म्हणून सांगतो: लंडनच्या सेंट पॉलचा जो घुमट बाहेरून दिसतो तो लाकडाच्या सांगाड्यावर शिशाचा पत्रा आहे. रोमच्या सेंट पीटरचा घुमट विटांचा, त्यावर शिशाचे आच्छादन. ड्रेस्डेनमध्ये बाहेर दिसतो तो थेट दगड, त्यावर काहीही नाही. पाऊस, बर्फ, ऊन सगळे उघड्या दगडावर. शिवाय आकार अर्धगोलाचा नाही. खाली येताना घुमट बाहेरच्या बाजूला पसरतो, घंटेच्या कडेसारखा. म्हणून त्याला 'दगडी घंटा' हे नाव पडले. वजन सुमारे 12,000 टन. आणि तो उभा आहे त्या आठ सडपातळ खांबांवर.

ते खांब सडपातळ आहेत कारण माणसांना वेदी दिसायला हवी होती. जाड केले असते तर आराखड्याचा हेतूच गेला असता. बेअरची कल्पना अशी होती की घुमटाचा सगळा भार खांबांवर पडणारच नाही. प्रत्येक खांबामागून बाहेरच्या भिंतीकडे जाणाऱ्या आडव्या भिंती त्याने घातल्या. घुमटाचा भार त्यांच्यातून तिरका उतरत बाहेरच्या भिंतींपर्यंत जाईल, म्हणजे सगळी इमारत मिळून घुमट पेलेल, असा त्याचा हिशेब. हिशेब म्हणजे कागदावरचे गणित नव्हे. ते गणित त्या काळी अस्तित्वातच नव्हते. बारा हजार टन दगड हवेत नेताना त्याच्याजवळ होते ते अनुभव, नजर आणि जुन्या बांधकामांचे ज्ञान.

कल्पना बरोबर होती, अंमल कमी पडला. खांबांचे दगड आणि सांधे त्यांच्या वाट्याला आलेल्या भाराला पुरे पडेनात. खांबांवर आणि कमानींवर तडे दिसू लागले, तेही काम पुरे होण्याआधीच. पुढे राजाचे कॅथलिक चर्च बांधणारा इटालियन वास्तुकार गाएतानो कियावेरी याने घुमट उतरवून टाकावा असा सल्ला दिला. बेअर मार्च 1738 मध्ये वारला, वाद अर्धवट असतानाच. घुमटाच्या माथ्यावरचा भाग त्याचा शिष्य योहान गेऑर्ग श्मिड याने पुरा केला आणि 1743 मध्ये काम संपले. घुमट कोणी उतरवला नाही. 1760 मध्ये प्रशियाच्या तोफांनी शहर भाजून काढले, जवळचे क्रॉइत्सकिर्श हे चर्च उद्ध्वस्त झाले, पण फ्राउएनकिर्शच्या घुमटावरून गोळे घरंगळून गेले अशी आठवण शहराने जपली. तडे मात्र होतेच. विसाव्या शतकात दोनदा मोठी डागडुजी झाली. 1938 ते 1942 या काळातल्या कामात अभियंता गेऑर्ग र्यूट याने इमारतीची बारकाईने मोजमापे घेतली. ऐन युद्धात घेतलेली ती मापे आणि रेखाटने पन्नास वर्षांनी किती मोलाची ठरतील, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नसेल.

या चर्चच्या इतिहासातला एक काळा भाग सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरोबर होणार नाही. नाझी राजवटीत हिटलरधार्जिण्या ख्रिस्ती गटाने हे चर्च आपले मानले आणि त्याला 'डोम' म्हणजे महामंदिर असा दर्जा दिला. त्याच चर्चचे धर्मगुरू हुगो हान हे नाझींच्या हस्तक्षेपाला विरोध करणाऱ्या चर्चचळवळीचे सॅक्सनीतले पुढारी होते, त्यांना 1938 मध्ये राज्याबाहेर घालवण्यात आले. युद्धानंतर तेच सॅक्सनीचे बिशप झाले.

13 फेब्रुवारी 1945 च्या रात्री ब्रिटिश विमानांनी ड्रेस्डेनवर बॉम्ब टाकले. मेलेल्यांचा आकडा नाझी प्रचाराने लाखांत फुगवला होता. शहराने नेमलेल्या इतिहासकारांच्या आयोगाने 2010 मध्ये निष्कर्ष काढला की मृत जास्तीत जास्त 25,000 होते. हा आकडा काही लहान नाही, तो फुगवायची गरज नव्हती. त्या रात्री सुमारे 300 माणसे चर्चच्या तळघरात आश्रयाला होती आणि ती जिवंत बाहेर पडली. चर्चही उभे राहिले. बॉम्बने ते पडले नाही. पण आत आग शिरली, लाकडी सज्जे, बाके, ऑर्गन सगळे पेटले. 15 फेब्रुवारीच्या सकाळी दहाच्या सुमारास चर्च कोसळले.

इथे दगडाचा धर्म समजून घ्यायला हवा. या चर्चला वापरलेला एल्बे नदीकाठचा वालुकाश्म म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झचे कण. 573 अंश सेल्सिअसला क्वार्ट्झची अंतर्गत रचना बदलते आणि तो एकदम फुगतो. एक कण फुगला की शेजारच्याला ढकलतो, दगड आतून भुसभुशीत होतो. बाहेरचा भाग तापलेला आणि गाभा गार, यामुळे पापुद्रे सुटतात ते वेगळेच. दोन दिवस आगीत भाजलेले ते खांब आधीच ताकदीच्या टोकावर उभे होते. आग्नेयेच्या बाजूने त्यांनी हार मानली, घुमट कलला आणि फुटला. बेअरच्या हयातीत सुरू झालेला दोष आगीने शेवटाला नेला, असे मी त्याकडे बघतो. खांबांवर कमी भार असता तर घुमट टिकला असता का, हे कोणी ठामपणे सांगू शकत नाही. पण पुढे पुनर्बांधणी करणाऱ्या अभियंत्यांनी नेमका हाच मुद्दा हाती धरला.

मागे उरले काय? वेदीमागची भिंत आणि वायव्येचा जिन्याचा मनोरा यांचे सुळके, आणि मध्ये दगडांचा डोंगर. पूर्व जर्मनीची राजवट संपेपर्यंत तो पंचेचाळीस वर्षे तसाच होता. याचे श्रेय आळसाला देऊ नये. त्याच शहरातल्या गॉथिक सोफिएनकिर्शचे अवशेष राजवटीने साठच्या दशकात साफ केले. फ्राउएनकिर्शचा ढिगारा हलवून मोटारी लावायला जागा करावी, असेही बेत होते. हान्स नाडलर या जतन अधिकाऱ्याने आणि शहरातल्या लोकांनी ते होऊ दिले नाही. युद्धानंतर लगेच काही घडीव दगड गोळा करून त्यांना क्रमांकही दिले गेले होते. 1966 मध्ये ढिगाऱ्याला युद्धविरोधी स्मारक म्हणून मान्यता मिळाली. 1982 पासून तरुण मंडळी 13 फेब्रुवारीला तिथे मेणबत्त्या घेऊन जमू लागली. सरकारला ते रुचत नव्हते, तरी ती जमत राहिली.

बर्लिनची भिंत पडल्यावर, फेब्रुवारी 1990 मध्ये, ड्रेस्डेनच्या काही नागरिकांनी जगाला उद्देशून मदतीची हाक दिली. ट्रंपेटवादक लुडविग ग्यूटलर त्यांचा पुढारी. विरोध जोरदार झाला आणि तो पोकळ नव्हता. ढिगारा हेच स्मारक आहे, तो उचललात तर युद्धाची खूण पुसाल, असे बरेच जण म्हणत. चर्चच्या आतूनही विचारणा झाली की इतर गरजा समोर असताना एकाच इमारतीवर एवढा पैसा कशाला. जतनाच्या क्षेत्रातल्या लोकांचा आक्षेप सगळ्यांत तात्त्विक होता. 1964 ची व्हेनिसची सनद सांगते की उत्खनित अवशेषांची पुनर्बांधणी करू नये, फार तर पडलेले मूळ तुकडे पुन्हा जागेवर ठेवावेत. मी स्वतः या सनदेवर वाढलेला माणूस आहे आणि रोजच्या कामात तिचाच आधार घेतो. तरी ड्रेस्डेनमध्ये पुनर्बांधणीच्या बाजूने उभा राहतो. सनदेला भीती आहे ती अंदाजाने बांधण्याची. इथे अंदाजाला फार थोडी जागा होती, आणि जी होती ती भरून काढायची पद्धत शिस्तीची होती. 1991 मध्ये सॅक्सनीच्या चर्चसभेने होकार दिला, मग नगरपालिकेने.

ती पद्धत जरा जवळून बघू, कारण माझ्या मते या प्रकल्पाची खरी थोरवी तिथे आहे.

जानेवारी 1993 मध्ये ढिगारा उपसायला सुरुवात झाली. उपसायला म्हणजे बुलडोझर लावून नव्हे. पुरातत्त्वाच्या उत्खननात करतात तशी ढिगाऱ्यावर चौकटींची आखणी केली. प्रत्येक मोठा दगड उचलण्याआधी त्याचे छायाचित्र काढले, तो कोणत्या चौकटीत, किती उंचीवर, कसा कलून पडला आहे याची नोंद केली, त्याला क्रमांक दिला आणि मगच क्रेनने उचलून चौकात उभारलेल्या मांडण्यांवर नेऊन ठेवला. इतकी उस्तवार कशासाठी? कारण पडलेला दगड आपली जुनी जागा सांगतो. बाहेरची भिंत बाहेरच्या अंगाला पडते, घुमटाचे तुकडे मध्यावर येतात, शेजारचे दगड बहुतेक वेळा शेजारी पडतात. मग दगडाच्या अंगावरच्या खुणा. घुमटाच्या चिऱ्याला दोन दिशांनी बाक असतो. कंगोऱ्याचा दगड किती उंचीवरचा, हे त्याच्या नक्षीच्या मापावरून कळते. कोणत्या पृष्ठभागावर पावसाने काळी छटा आली आहे आणि कोणता चुन्यात गाडलेला होता, हे बघितले की दगडाचे तोंड कुठे होते ते समजते. ही सगळी माहिती संगणकात घालून, दगड पडद्यावर फिरवून फिरवून, र्यूटच्या काळातल्या मापांशी आणि जुन्या छायाचित्रांशी जुळवत एकेकाची जागा ठरवली. सुमारे 8,500 मूळ दगड वाचवले गेले आणि त्यांतले सुमारे 3,800 पुन्हा बांधकामात बसले. आगीत कमकुवत झालेल्यांना भार पेलायला लावले नाही.

1 जून 1993 रोजी ढिगाऱ्यात माथ्यावरचा जुना क्रॉस सापडला, वाकडातिकडा आणि जळलेला. आज तो आत, दर्शनी जागी ठेवला आहे. वेदीवरचे योहान क्रिस्टियान फायगेचे शिल्प, ख्रिस्त ऑलिव्हच्या बागेत प्रार्थना करतानाचे, सुमारे 2,000 तुकड्यांतून जोडले. त्याचा मोठा भाग अस्सल आहे.

दारांची गोष्ट मला विशेष आवडते. लाकडी दारे जळून गेली होती आणि त्यांच्या कोरीव कामाच्या तपशिलाची रेखाटने पुरेशी नव्हती. मग शहरातल्या लोकांना आवाहन केले: तुमच्या घरातली लग्नाची छायाचित्रे दाखवा. चर्चमध्ये लग्न झाले की जोडपे दारातच उभे राहून छायाचित्र काढून घेते. आजी-आजोबांच्या अल्बममधून निघालेल्या त्या छायाचित्रांत नवरानवरीच्या मागे दाराची नक्षी दिसत होती. सुतारांनी ती बघून दारे घडवली. वास्तूचा पुरावा सरकारी दफ्तरातच असतो असे नाही.

27 मे 1994 रोजी पहिला दगड बसला. कामाचे प्रमुख एबरहार्ड बुर्गर, आणि रचनेचे अभियंते फ्रिट्झ वेन्झेल आणि वोल्फ्राम येगर. त्यांच्यापुढे दोन सोपे मार्ग होते. आतून काँक्रीटचा सांगाडा घालायचा आणि वरून दगडाचा मुलामा द्यायचा, हा एक. बेअरने केले तसेच्या तसे, दोषांसकट करायचे, हा दुसरा. पहिला मार्ग पत्करला असता तर मी या चर्चला नक्कलच म्हटले असते. दुसरा पत्करला असता तर पुन्हा तडे गेले असते. त्यांनी तिसरा निवडला: बेअरला जे साधायचे होते आणि साधले नाही, ते साधून द्यायचे. भार दगडच पेलणार, पण बेअरच्या मनात होता त्या वाटेने उतरणार.

घुमट खाली दाबतो तसा बाहेरही ढकलतो, विशेषतः तळाशी. बैलगाडीच्या चाकावर लोहार लोखंडी धाव तापवून बसवतो, ती गार झाली की आवळते आणि आरे-पुठ्ठे सगळे घट्ट धरून ठेवते. घुमटाला नेमकी अशीच धाव लागते. बेअरनेही लोखंडी वलये घातली होती, पण ती पुरेशी नव्हती आणि काळाच्या ओघात सैलावली. नव्या कामात सहा पोलादी वलये बसवली आणि ती जॅक लावून ताणली, म्हणजे घुमट ढकलायला लागण्याच्या आधीच वलये त्याला आत दाबून धरतात. घुमटाचा रेटा असा बांधला गेल्यावर भाराचा मोठा वाटा आडव्या भिंतींतून बाहेरच्या भिंतींकडे वळवता आला आणि खांब मोकळे झाले. खांबांसाठी पोस्टा जातीचा कठीण वालुकाश्म निवडून घेतला, कारण त्याच डोंगररांगेतला कोटा जातीचा दगड मऊ असतो, कोरायला चांगला पण भाराला कमी. सांधे अतिशय पातळ ठेवले. दगडी खांबाची ताकद दगडाइतकीच सांध्यावर ठरते. जाड सांधा आधी चेपतो, चेपताना बाजूला पसरतो आणि दगडाला चिरतो. हे आपल्याकडच्या जुन्या पाथरवटांनाही पक्के ठाऊक होते, म्हणून तर घडीव दगडाच्या चांगल्या कामात सांध्यात नखही शिरत नाही.

जुने सुळके पाडले नाहीत, नव्या भिंतीत ओवून घेतले. हे फार अवघड काम. जुनी भिंत अडीचशे वर्षांत जेवढी दबायची तेवढी दबून बसलेली, नवी भिंत वरचा भार येईल तशी दबत जाणार. दोन्ही शेजारी शेजारी बांधायच्या म्हणजे पुढचे दबणे आधीच धरून चालावे लागते. परांचीवर तात्पुरते छप्पर होते आणि काम चढेल तसे तेही वर उचलले जात होते, त्यामुळे हिवाळ्यातही गवंड्यांचे हात थांबले नाहीत.

खर्च सुमारे 18 कोटी युरो, त्यातला अर्ध्याहून बराच मोठा भाग देणग्यांचा. ढिगाऱ्यातल्या दगडाचा कण बसवलेली मनगटी घड्याळे विकली गेली, लोकांनी एकेका दगडाचे पालकत्व घेतले. 1999 चे नोबेल मिळालेले जीवशास्त्रज्ञ ग्युंटर ब्लोबेल यांनी लहानपणी हे शहर जळण्याआधी पाहिले होते. त्यांनी पारितोषिकाची जवळजवळ सगळी रक्कम ड्रेस्डेनला दिली, या चर्चसाठी आणि 1938 मध्ये नाझींनी जाळलेल्या सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या) जागी होणाऱ्या नव्या सिनेगॉगसाठी. माथ्यावरचा नवा सोनेरी क्रॉस ब्रिटनमधून आला. तो घडवणारा लंडनचा सोनार ॲलन स्मिथ, आणि त्याचे वडील त्या रात्री ड्रेस्डेनवर बॉम्ब टाकणाऱ्या विमानांपैकी एकावर वैमानिक होते. 22 जून 2004 रोजी तो वर चढला. एकूण उंची 91 मीटर. 30 ऑक्टोबर 2005 रोजी चर्च पुन्हा उपासनेसाठी खुले झाले.

सगळेच मला पटते असे नाही. ऑर्गनवरून मोठा वाद झाला होता. सिल्बरमानचा ऑर्गन जसाच्या तसा करावा असे अनेकांचे, त्यात देणगीदारांचेही, म्हणणे होते. शेवटी काम स्ट्रासबुर्गच्या डॅनिएल केर्न यांना दिले. त्यांनी सिल्बरमानच्या 43 स्वरमाळांचा (एकेका जातीच्या आवाजाच्या नळ्यांच्या संचांचा) गाभा ठेवून त्यात भर घातली आणि 68 केल्या, म्हणजे नंतरच्या काळातले संगीतही वाजवता यावे. बाहेरचा देखावा जुना, आतले वाद्य विस्तारलेले. दगडाच्या बाबतीत जी निष्ठा पाळली ती इथे सैल झाली, असे मला वाटते. उपासना आणि मैफली रोज चालणाऱ्या जागेची गरज मी नाकारत नाही, पण बाखने ज्यासमोर बसून वाजवले ते वाद्य ऐकायची संधी हातची गेली.

तळघरात मात्र उलट धोरण आहे आणि ते मला मनापासून आवडते. तिथे जुने असल्याचा आव नाही. मध्यावर काळ्या चुनखडीचा एक अजस्र ठोकळा वेदी म्हणून ठेवला आहे, आणि तो घडवला आहे मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांनी. ज्या तळघरात त्या रात्री माणसे जीव मुठीत धरून बसली होती, तिथे सोनेरी नक्षी शोभली नसती.

आता शेजारच्या इमारतींविषयी. चर्चभोवतीचा नॉयमार्क्ट चौक नंतरच्या वर्षांत जुन्या रूपात भरत गेला. तिथे बऱ्याच ठिकाणी आत काँक्रीटचे मजले, खाली मोटारी लावायची सोय, आणि बाहेर अठराव्या शतकाचा चेहरा. शहराला हरवलेला चौक परत मिळाला, लोक खूश आहेत, आणि त्यांच्या आनंदावर मी विरजण घालणार नाही. पण ती भिंत काहीच पेलत नाही. चर्चची भिंत पेलते. माझ्या लेखी जुने कशाला म्हणायचे ते इथे ठरते.

राहिला आपल्याकडचा प्रश्न. ड्रेस्डेनचे उदाहरण देऊन एखाद्या किल्ल्यावरचा सदर-वाडा किंवा महाल पुन्हा उभा करा म्हणणारे लोक भेटतात. त्यांची तळमळ मला कळते. पण ड्रेस्डेनजवळ पडण्याच्या आदल्या काही वर्षांतली मापे होती, शेकडो छायाचित्रे होती, दगड पडले तिथेच पडून होते आणि ते चर्च वापरलेली मंडळीही हयात होती. आपल्या बहुतेक किल्ल्यांवर जोते उरले आहे, वरचा लाकडी भाग जळून वा कुजून गेला आहे, आणि घडीव दगड खालच्या गावांतल्या घरांत आणि बांधांत गेले आहेत. तिथे जे उभे राहील ते आपल्या कल्पनेतले असेल. जिथे बुरूज किंवा तटाचा तुकडा अलीकडे ढासळला आहे आणि दगड अजून उतारावर पडून आहेत, तिथे मात्र ड्रेस्डेनची पद्धत उद्यापासून वापरता येईल. तिला परदेशी तंत्र लागत नाही. दोरीने चौकटी आखा, प्रत्येक चिऱ्याचे पडल्या जागी छायाचित्र काढा, क्रमांक टाका, मग उचला. हल्ली मोबाइलच्या छायाचित्रांवरूनही त्रिमितीय नोंद करता येते. प्रत्यक्षात काय होते, तर पावसाळ्यात तट ढासळतो, ठेकेदार जेसीबीने दगड बाजूला सारतो, मिळेल तो चिरा मिळेल तिथे बसवतो आणि सिमेंटने सांधे भरतो. चुन्याची भिंत ओल बाहेर सोडते, सिमेंट ती कोंडते. पुढच्या काही पावसाळ्यांत शेजारचा भाग फुगून येतो आणि तोही पडतो. सिमेंटचा हा हव्यास सुटला तरी अर्धे काम होईल.

कोणी ड्रेस्डेनला जाणार असेल तर दोन गोष्टी नक्की बघा. बाहेरून आधी दगडांचे रंग बघा. काळे दगड जुने, फिके नवे. एल्बेकाठचा हा वालुकाश्म उघड्यावर हळूहळू काळवंडतो, त्यात दगडातल्या लोहाचाही वाटा असतो, त्यामुळे हा फरक दरवर्षी थोडा थोडा कमी होणार आहे. सलग काळा पट्टा दिसेल तो उभा राहिलेला सुळका, आणि एकेकटे काळे ठिपके दिसतील ते ढिगाऱ्यातून ओळखून परत आपल्या जागी नेलेले दगड. जवळच चौकात जुन्या घुमटाचा एक प्रचंड तुकडा ठेवला आहे. त्याच्याजवळ उभे राहून चिऱ्यांचा दुहेरी बाक आणि सांधे हाताने बघता येतात. दुसरे म्हणजे घुमटावर जरूर चढा. आतल्या सभागृहात जायला आणि वर चढायला वेगवेगळ्या वाटा आहेत आणि वर जायला तिकीट लागते. शेवटच्या टप्प्यात घुमटाच्या दोन दगडी कवचांच्या मधून गोल फिरत जाणारा उतार आहे. बहुतेक लोक वरचे दृश्य गाठायच्या घाईत तो भराभर चढून जातात. तुम्ही मध्येच थांबा आणि दोन्ही बाजूंच्या भिंती बघा. एकीकडे बाहेरचे कवच, दुसरीकडे आतले, आणि दोन्ही वर जाता जाता एकमेकांकडे झुकत येतात.